ताईला दिलेले निळे पंप

३ मार्च, सोमवार

नर्सबाईंनी वही ठेवायला सांगितली. रोज चार गोष्टी लिहायच्या: सकाळी श्वासाचा जोर मोजायच्या नळीत फुंकून आलेला आकडा, संध्याकाळचा आकडा, धाप लागल्यावर ओढायचा निळा पंप किती वेळा लागला, आणि झोप नीट झाली की नाही. एवढ्यासाठी दोनशे पानांची वही कशाला? म्हणून मी ती उलटी धरून मागून हे लिहायला घेतलं. पुढची पानं नर्सबाईंची, मागची माझी. ही कुणी वाचायची नाहीत.

गेल्या महिन्यात इस्पितळात चार दिवस नाकाला नळी लावून काढले. घरी सोडल्यावर आज पहिल्यांदा दम्याच्या दवाखान्यात गेले आणि नवा पंप मिळाला. जांभळा. एकात दोन औषधं आहेत म्हणे. एक छातीतली सूज उतरवणारं, दुसरं नळ्या मोकळ्या ठेवणारं. सकाळी दोन दाब, संध्याकाळी दोन दाब, नंतर खळखळून चूळ भरून थुंकायचं.

"त्रास होत नसला तरी घ्यायचा," नर्सबाई म्हणाल्या.

"आणि होत असला तर?"

"तरी घ्यायचाच. शिवाय निळा जवळ ठेवायचा. पण लक्षात ठेवा, निळ्याने तेवढ्यापुरतं दार उघडतं, आतली आग विझत नाही. निळा वाढत चालला की समजायचं, आग वाढतेय."

तिशी उलटून चौदा वर्षं झाली, लहानपणापासून निळा ओढतेय, आणि हे मला आज कळतंय.

संध्याकाळी ताई आली. आई आणि मी पहिल्या मजल्यावर राहतो, ताई आणि भावोजी चौथ्यावर. लिफ्ट नाही. हल्ली ताई कामावरून येताना रोज आमच्याकडे टेकते. आत येत नाही, दाराशी चपलांच्या फळीवर बसते, दहा मिनिटं काहीबाही बोलते आणि वर जाते. पूर्वी महिनामहिना डोकावायची नाही. मी आजारी पडल्यापासून तिची माया जरा वाढली आहे.

तिने जांभळा पंप हातात घेऊन उलटासुलटा केला. "रंग बरा आहे," म्हणाली. "साडीला शोभला असता."

६ मार्च, गुरुवार

आकडा २३०. कालचाही २३०. हात थरथरतात, सुईत दोरा जात नाही. आवाज बसलाय. शेजारीण सांगून गेली की या औषधाने तोंड भोपळ्यासारखं सुजतं. मी आरशात बघून आले. भोपळा अजून नाही, पण होता तो चेहराही काही फार जपण्यासारखा नव्हता.

८ मार्च, शनिवार

मुकादमाने मला शिलाईच्या कोपऱ्यात टाकलं.

आमच्या लॉन्ड्रीत इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले येतात. मी सोळा वर्षं मोठ्या रोलरवर होते. ओली चादर एका बाजूने दोघींनी घालायची, दुसऱ्या बाजूने कडक कोरडी निघते. तिथे वाफ असते, ब्लीचचा वास असतो, आणि कापडाची लव बारीक पिठासारखी उडत असते. रोलरवरच्या बायकांच्या भुवया दुपारपर्यंत पांढऱ्या होतात. इस्पितळाचा कागद बघून मुकादम म्हणाला, "तुमची छाती आमच्या कामाची नाही. तिकडे बसा, फाटकं शिवा." तिकडे म्हणजे जिन्याखाली. तिथे आम्ही तिघी आहोत. एकीची कंबर गेली आहे, एकीला कमी दिसतं, आणि आता मी. तिथून कुणी परत रोलरवर गेल्याचं मला माहीत नाही.

ताई रोलरवरच आहे. आमच्या पाळीची प्रमुख बाई मे महिन्यात निवृत्त होते, तिच्या जागी ताई जाणार हे जवळजवळ ठरलंय. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "इथे कुणाला बोलू नकोस हं, मलाही दमा आहे म्हणून."

दमा आम्हा दोघींनाही आहे. पण ताईचा दमा कधी कुणी मोजला नाही. लहानपणी मी घरघरायचे म्हणून माझं नाव शिट्टी पडलं, आणि ताई मला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळायची. जी पाठीवर असते ती आजारी. जी पळते ती कशी आजारी असेल?

१२ मार्च, बुधवार

२५०. नऊ दिवस झाले. दहा दिवसांत काय उजेड पडायचा तो पडेल असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. आज सकाळी पंप कचऱ्यात टाकायला हात उचलला होता. आईने बघितलं. ती नुसती कचऱ्याच्या डब्यावर झाकण ठेवून गेली.

१७ मार्च, सोमवार

रात्रभर झोपले. उठले ती थेट सकाळी. आधी वाटलं आपलं काहीतरी चुकलं. पहाटे तीनला उठून खिडकीशी बसायचं, निळा घ्यायचा, उजाडण्याची वाट बघायची, ही माझी किती वर्षांची नोकरीच होती. आज कुणीतरी रजा दिली.

आकडा ३१०. नळी बिघडली असेल म्हणून परत फुंकून बघितलं. ३१५.

आईला सांगितलं तर ती रडायला लागली. मी म्हटलं, अगं, बरं वाटतंय म्हणून सांगतेय. म्हणाली, हो, म्हणूनच.

१९ मार्च, बुधवार

कपाटाच्या खणात निळे पंप निघाले. सात. न फोडलेले. मी घाबरट, कुठे संपला तर म्हणून साठवत गेलेली. आता दोन-तीन दिवसांत एकदाही निळा लागलेला नाही.

ताई फळीवर बसली होती. खण उघडा बघून म्हणाली, "दुकान काढलंस की काय?"

"लागतच नाहीत आता."

"मग एक दे की मला. माझा संपलाय. परवा जाऊन घेते नवा."

मी दोन दिले. तिने लगेच एक फोडला, दोनदा ओढला, आणि पिशवीत टाकला. "तुझ्याकडचा कडक आहे," म्हणाली. पंप काय, सगळे एकच असतात.

मला फार छान वाटलं, खरं सांगते. जन्मभर मी ताईकडून घेत आले. तिचे जुने कपडे, तिच्या ओळखीने लागलेली ही नोकरी, तिने भरलेले माझे फॉर्म. आज पहिल्यांदा तिला माझ्याकडचं काही हवं होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

२६ मार्च, बुधवार

तोंडात पांढरे चट्टे आले. घाबरून नर्सबाईंकडे गेले. चूळ नीट भरत नाही म्हणून बुरशी धरली, म्हणाल्या. ती जायला थेंब दिले आणि पंपाला लावायचा एक प्लास्टिकचा फुगीर डबा दिला. त्यातून औषध घशात न बसता खाली उतरतं.

पुढची पानं बघून खूश झाल्या. "निळा शून्य, शून्य, शून्य. शाब्बास!" मला शाळेतसुद्धा कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. घरी येऊन ताईला सांगितलं, तूही एकदा चल माझ्याबरोबर. तर म्हणाली, "तोंडाला बुरशी यायला? मला नको बाई. आणि तिथे कागद होतात. कागद झाला की मुकादमाकडे जातो. तुझं बघितलं ना?"

ते खरंच आहे. माझं बघितलंच.

२९ मार्च, शनिवार

आज मी आणि ताई एकत्र घरी आलो. जिन्याशी मी म्हटलं, चल शर्यत. चार मजले. मी न थांबता वर. कितीतरी वर्षांत मी चौथा मजला बघितलेला नव्हता, भावोजींनी दारात झाडांच्या कुंड्या ठेवल्यात हेही मला माहीत नव्हतं! वरून हाका मारतेय, तर ताई तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून उभी. मी खाली गेले, तिची पिशवी घेतली.

"कुणी सांगितलं होतं धावायला?" फार चिडली. "लहान आहेस का आता?"

मला हसू आवरेना. आयुष्यभर ती पुढे आणि मी मागे. आज उलटं झालं. तिला ते रुचलं नसणार. माझ्या मनात जरा दुष्ट आनंद झाला, तोही इथे लिहून ठेवते.

भावोजी घरीच घड्याळं दुरुस्त करतात. आम्ही आत गेलो तेव्हा ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. ताई पाणी प्यायली आणि न्हाणीघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता. भावोजी भिंगातून वर न बघता म्हणाले, "तू बरी दिसतेस."

४ एप्रिल, शुक्रवार

३६०!

माझ्या कागदावर अजून निळा पंप लिहिलेला आहे, महिन्याला दोन. ताई म्हणाली, "मिळतात तर घेऊन ये ना, वाया कशाला घालवायचे?" गेले. औषधाच्या खिडकीतल्या माणसाने वही मागितली, बघितली. "इथे तर शून्य लिहिलंय. मग पंप संपले कसे?"

"हरवले," मी म्हटलं.

"दोन्ही?"

"पिशवीच हरवली."

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि दोन पंप पुढे सरकवले. माझे कान गरम झाले होते. पण बाहेर आल्यावर आपण काही चोरी केली नाही असं वाटलं. माझ्या नावचेच तर होते.

११ एप्रिल, शुक्रवार

ताई हल्ली तुटक बोलते. दोन शब्द, मग गप्प. मोठी बाई व्हायची तयारी चाललीय, हुकूम सोडायची सवय करतेय, असं मी आईला म्हटलं. आई हसली नाही.

"ती रात्री खुर्चीत झोपते, सांगितलं का तुला?"

"भावोजी घोरतात म्हणून. मला म्हणाली ती."

"तिची मान बघितलीस? श्वास घेते तेव्हा गळ्याखाली खड्डा पडतो."

मी म्हटलं, आई, तू माझं इतकी वर्षं बघत आलीस की आता तुला प्रत्येकात मीच दिसते. आई उठून गेली. जरा जास्तच बोलले मी. पण माझा दमा गेल्यापासून आईला काळजी करायला काही उरलेलं नाही हेही खरंच.

१६ एप्रिल, बुधवार

ताईने आणखी दोन मागितले. मधे एकेक करून तीन नेलेच होते, खणातले संपत आले आहेत. मी विचारलं, "आत्ताच तर नेलेस?"

"मशीनवर एक असतो. पिशवीत एक. घरी एक. एक कुठे पडला."

"नर्सबाई म्हणतात, निळा वाढला की..."

"नर्सबाई, नर्सबाई!" ती एवढ्याने दमली. थांबली. मग माझा हात धरून हळू म्हणाली, "शिट्टी, ऐक. मे महिना निघू दे. एकदा खुर्चीवर बसले की रोलरच्या जवळ जायचं काम नाही. काचेच्या खोलीत बसायचं. मग तू म्हणशील तिथे येते. तुझी शपथ."

माझी शपथ म्हटल्यावर काय बोलणार! दोन दिले. दीड महिन्याचा तर प्रश्न आहे.

यांना सांगू नकोस, जाताना म्हणाली. यांना म्हणजे भावोजींना.

३० एप्रिल, बुधवार

ताई गेली. मंगळवारी, बावीस तारखेला.

आठ दिवस वही उघडली नाही. पुढची पानंही कोरी आहेत. आज लिहिते, कारण सगळे जण मला विचारतात आणि मी प्रत्येकाला थोडं थोडं वेगळं सांगते. एकदा नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी दहाच्या सुमाराला रोलर अडकला. मागच्या पट्ट्यात लव साचली की तो अडकतो. मशीन बंद करून कुणीतरी मागे शिरायचं आणि ब्रशने ती काढायची. ते काम नव्या पोरींचं. पण मुकादम तिथे उभा होता आणि ताई म्हणाली, "मी काढते, त्यांना जमत नाही." ती मागे शिरली. पाच-सात मिनिटं आत होती.

मी शिलाईच्या कोपऱ्यात होते. रोलर बंद पडल्यावर लॉन्ड्रीत एकदम शांत होतं, म्हणून मला ऐकू आलं. कुणी ओरडलं नाही. पंपाचा आवाज आला. एक, दोन, तीन, चार, लागोपाठ. मी सुई टाकून धावले.

ताई चादरींच्या गाठोड्यावर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत वर. केस, भुवया, सगळं पांढरं. ओठ राखाडी. तिच्या छातीतून शिट्टी येत नव्हती. मला वाटलं, शिट्टी नाही म्हणजे इतकं वाईट नाही. माझी तर नेहमी वाजते. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, हवा जातच नसली की आवाजही होत नाही.

मी प्लास्टिकचा डबा आणला, तिच्या तोंडाला लावला, तिच्या पंपाचे दहा दाब दिले. मग माझ्या पंपाचे दहा. मग मला काही सुचेना, माझा जांभळासुद्धा दिला. मुकादम फोनवर पत्ता सांगत होता, दोनदा चुकीचा सांगितला. ताईने माझी बाही पकडली. "यांना," म्हणाली. मध्ये बराच वेळ गेला. "नको सांगू." आणखी काही बोलली नाही.

गाडी वीस मिनिटांनी आली. तेव्हा मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. इस्पितळात अर्धा तास त्यांनी प्रयत्न केले. मग एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि माझ्याशी बोलायच्या आधी तिने मला खुर्चीवर बसवलं. तेव्हाच कळलं.

तिने विचारलं, "त्यांना रोजचा पंप चालू होता का? सूज उतरवणारा?"

मी म्हटलं, "नाही. फक्त निळा."

"किती लागायचा?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

६ मे, मंगळवार

भावोजींनी बोलावलं. ताईचे कपडे काढायचे होते, त्यांच्याने होत नव्हतं. मी आणि आई वर गेलो. आई एकेक मजल्यावर थांबत होती, आणि दुसऱ्या मजल्यावर थांबल्यावर म्हणाली, "ती आपल्याकडे बसायची ना, ती दम खायला बसायची." तिला ते कधीपासून माहीत होतं, कोण जाणे. मला त्या क्षणी कळलं. मी तिथेच पायरीवर बसले.

पंप सगळीकडून निघाले. पिशवीच्या कप्प्यात, हिवाळी कोटाच्या खिशात, डाळीच्या डब्यामागे, न्हाणीघराच्या फळीवर टॉवेलखाली. भावोजींनी ते टेबलावर घड्याळांच्या शेजारी ओळीने ठेवले. अकरा. सगळे रिकामे. एकेकात दोनशे दाब असतात. ती गेली तेव्हा पहिला दिला त्याला पाच आठवडेसुद्धा झाले नव्हते. अकरातले आठ माझे होते, माझा नववा शेवटी कामावर तिच्या हातात होता. बाकीचे तिने कुठून आणले, देव जाणे.

"इतके हिला कोण देत होतं?" भावोजींनी विचारलं.

मी ताईच्या साड्यांच्या घड्या घालत होते. घालतच राहिले.

९ मे, शुक्रवार

दवाखान्यात तारीख होती. जायचं नव्हतं, आईने पाठवलं. आकडा ३८०. नर्सबाईंनी वही उघडली, मधली कोरी पानं बघितली. "काय झालं?"

 मी वही उलटी केली आणि त्यांच्यापुढे सरकवली. त्या वाचत बसल्या. बाहेर दोन जण थांबले होते, त्यांना दार उघडून त्यांनी थोडं थांबायला सांगितलं आणि परत वाचायला बसल्या. शेवटी चष्मा काढला.

"मी दिले नसते तर?" मी विचारलं.

"तर त्यांनी दुसरीकडून मिळवले असते. किंवा नसते मिळाले, आणि धाप लागून लवकर इस्पितळात आल्या असत्या. तेव्हा कदाचित जगल्या असत्या." मग म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. तुम्ही मायेने दिले. पण जे दिलं त्याने त्यांचा त्रास लपला."

मी मान हलवली. खरं ऐकायचं होतं, ते ऐकलं.

"वहीत शून्य आणि खिडकीवरून पुन्हा दोन पंप," त्या म्हणाल्या. "हे दोन्ही कागद माझ्याच टेबलावर येतात. मी एकत्र ठेवून बघितले नाहीत. तेही लिहा तुमच्या वहीत."

म्हणून लिहिलं.

११ मे, रविवार

सकाळी चौथ्या मजल्यावर गेले. भावोजी काम करत नव्हते, नुसते बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. सात खणातले, नंतर खिडकीवरचे, सगळं. खोटं बोलून आणले तेही.

 ते म्हणाले, "हे मला का सांगतेस?"

"तुम्ही विचारलं होतं त्या दिवशी."

"त्या दिवशी विचारलं होतं. आज का सांगतेस? माझ्यासाठी की तुझ्यासाठी?"



"जा तू," ते म्हणाले. शांतपणेच म्हणाले.

१५ मे, गुरुवार

मुकादम शिलाईच्या कोपऱ्यात आला. पाळीची प्रमुख म्हणून दुसऱ्या बाईचं नाव लागलं, हे सांगायला आला होता की आपलं तोंड दाखवायला, कळलं नाही. "तुमच्या ताईने कधी सांगितलंच नाही हो," म्हणाला. मी म्हटलं, "सांगितलं असतं तर कुठे बसवलं असतंत?" त्याने जिन्याखालच्या आम्हा तिघींकडे बघितलं आणि गेला.

दुपारी रोलरवरची एक बाई सुई मागायला आली. सुई नकोच होती तिला. पदराआडून तिने निळा पंप दाखवला. "तुमची ती नर्सबाई कागद बाहेर देत नाही ना?" मला माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हटलं, आणि विचारलं. देत नाही. रुग्णाने मागितल्याशिवाय कागद मुकादमाकडे जातच नाही. माझा कागद मीच नेऊन दिला होता.

हे ताईला कळलं असतं तर! विचारायला पाच मिनिटं लागली.

२५ मे, रविवार

दोन आठवडे भावोजी आमच्या दारावरून जात होते, मान खाली घालून. मी दार लोटून घ्यायचे. आज संध्याकाळी त्यांनीच वाजवलं.

आत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"शेवटी काय म्हणाली ती? तू सगळ्यांना सांगतेस, काही बोलली नाही. खरं काय?"

मी सांगितलं. यांना सांगू नको, असं म्हणाली.

ते भिंतीला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला लिहिता येणार नाही.

"म्हणजे तिला वाटत होतं की मला माहीत नाही," म्हणाले. "मी दिवसभर टिकटिक ऐकणारा माणूस. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि पंप मारायची. मला ऐकू येत नव्हतं होय? मी दाराबाहेर उभा राहून मोजायचो. शेवटी शेवटी एका वेळी आठ-आठ, दहा-दहा."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर ती खोटं बोलली असती. मग मला ते पकडावं लागलं असतं. मग तिला कामावरून..." थांबले. "तिला ती काचेची खोली हवी होती. फार हवी होती. मी म्हटलं, मे महिना निघू दे."

 हेच शब्द तिने मला सांगितले होते, आणि मी स्वतःला.

एक क्षणभर मला हलकं वाटलं. एकटी मीच नाही, असं. त्या हलकेपणाची लाज वाटली. मग राग आला, त्यांचा. ते दाराबाहेर उभे होते. एक दार! मी काय बोलणार होते कुणास ठाऊक, पण त्यांनीच म्हटलं, "बोल तुला काय बोलायचं ते. त्या दिवशी मी तुला जा म्हटलं. तू तसं म्हणणार असशील तर म्हण."

मी दार आतून लोटून घेतलं.

आई आतल्या खोलीत होती. तिने सगळं ऐकलं असणार, घर केवढंसं. ती बाहेर आली, तीन पानं मांडली. भावोजी म्हणाले, मी निघतो. आई म्हणाली, "वर काय आहे? बसा."

ते बसले. ताई गेल्यापासून ते चांगलेच वाळले आहेत, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली आहे. आम्ही तिघं जेवलो. ताईचा विषय निघाला नाही, माफीचाही नाही. त्यांच्या हातून घास दोनदा पानात पडला. आईने विचारलं, "आणखी वाढू?"

त्यांनी पानाकडे बघितलं, मग आईकडे, आणि म्हणाले, "थोडं वाढा."